डॉक्टर, टायर लागतात

म्युनिकमधल्या गाडीसाठी मी कोल्हारमधल्या तुझ्या गाडीच्या मापाचे टायर मागवले. चारही. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, तेव्हा टायरही एकच असणार, हे माझं शास्त्र. तुझ्या लेकीच्या, मुक्ताच्या गाडीला ते बसले नाहीत, दिवाळीनंतरची आपली सहल मोडली, आणि माघात तू गेलास. या चुकीची तू मला माफी दिलीस की नाही, हे विचारायची सोय आता राहिली नाही. तसं उत्तर मला मिळालंय म्हणा. ते शेवटी सांगतो. आधी जरा भांडून घेऊ दे, कारण मी तुझ्यावर चिडलोय.

लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलताहेत, डॉक्टर. चौकात तुझा फलक लागलाय. त्यावर 'मुक्या जनावरांचा देवमाणूस' असं लिहिलंय, आणि खाली शोकाकुल म्हणून ज्यांचे फोटो छापलेत ते सगळे खुशीत हसताहेत. जनावरांशी तू चांगला वागायचास, यात वाद नाही. अडलेल्या म्हशीसाठी तू भर पावसात राहुरीपर्यंत गेलेला मला माहीत आहे. माणसांशी, त्यातही माझ्याशी, कसा वागायचास ते फलकावर मावण्यासारखं नाही. म्हणून इथं लिहितोय.

आमची ही गेली तेव्हाची गोष्ट. घरात मी एकटा. भेटायला येणारा प्रत्येक जण तोच एक चेहरा करून यायचा आणि तीच एक मान हलवून जायचा. तू आलास तो दुधाची किटली घेऊन. ओट्यावर बसलास, पायातली चप्पल काढलीस आणि म्हणालास, 'मास्तर, तुझ्या त्या भूगोलाच्या पुस्तकात प्रवरेचा उगम चुकीचा दिलाय.' सांत्वनाचा एक शब्द नाही. उगम बरोबर होता, हे तुलाही माहीत होतं. पण पुस्तक काढून तुझ्या नाकासमोर धरायला मी उठलो, आणि किती दिवसांनी मी धड उठलो होतो ते माझं मलाच कळलं. त्यानंतर रोज सकाळी चांदी गाईचं अर्धा लिटर दूध आणि एक नवा वाद, दोन्ही तू न चुकता पोचवत राहिलास. तालुकाभरची जनावरं तपासून निवृत्त झाल्यावर तू एकच गाय ठेवली होतीस आणि एकच मास्तर. दोघांनाही वेळेवर खाद्य मिळत होतं.

आता सकाळी मी पिशवीचं दूध आणतो. पिशवीशी भांडता येत नाही.

टायरांचा वाद मात्र आपण उभा केलेला नव्हता, तो मुक्तानं आयता आणून दिला. तुझी एकुलती एक लेक. इतकी वर्षं म्युनिकला आहे आणि तिचं घर तू फक्त मोबाईलवर पाहिलेलं. ती फोन घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायची आणि तू म्हणायचास, 'हळू फिरव गं, घेरी येती.' तिनं बोलावलं की कुणाचं ना कुणाचं जनावर अडलेलं असायचं. शेवटी तिनंच युक्ती काढली. पाटाच्या कडेच्या रस्त्यावर तू तिला गाडी शिकवलीस, तर आता तिच्या गाडीतून तिच्या शेजारी बसून तू तिकडचा रस्ता बघ. म्युनिकहून निघायचं, ऑस्ट्रिया, मग स्वित्झर्लंड, डोंगराडोंगरानं. गाडी थोडी तू चालवायची, थोडी तिनं. आणि मास्तरकाकांनाही आण, ते एकटेच असतात. तिच्या आईनं, सुमनवहिनींनी, चांदीपाशी राहते म्हणून आधीच अंग काढून घेतलं होतं. हे तुला पटलं. गाडी चालवायची म्हटल्यावर तुला पटलं.

मग एका फोनवर ती म्हणाली, 'बाबा, मी थंडीत गाडी काढतच नाही, ट्रामनं फिरते. गाडीला उन्हाळ्याचेच टायर आहेत. तुम्ही दिवाळीनंतर येताय तर थंडीचे बसवायचे का? इथला कायदा म्हणतो, रस्त्यावर बर्फ असेल तर ते हवेतच, नसेल तर तुमची मर्जी. तुम्ही दोघं ठरवा.'

तुम्ही दोघं ठरवा, हे तिनं म्हणायला नको होतं.

मी जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस. आल्प्स मी फळ्यावर इतक्या वेळा काढलाय की पांढरा खडू बघितला तरी मला थंडी वाजते. प्रत्यक्षात मी बर्फ पाहिलाय तो उसाच्या रसाच्या गाड्यावर. पण पुलाजवळच्या हॉटेलात सांडलेल्या चहात बोट बुडवून मी टेबलावर युरोप काढला आणि निकाल दिला, 'त्या दिवसांत सखल भागात नुसता पाऊस असतो. बर्फ असतो वर घाटात. घाटात आपण जायचं नाही. टायर लागत नाहीत.'

तू फडक्यानं माझा युरोप पुसलास. 'मास्तर, तो टायर बर्फासाठी नसतो. थंडीसाठी असतो. सात अंशांच्या खाली साधं रबर कडक होतं, मग ब्रेक लागत न्हाई. मी वाचलंय.'

'सात अंश? निफाडला त्याच्याहून खाली उतरतं. तिथले टेम्पोवाले द्राक्षं घेऊन घरी बसतात काय?'

'निफाडला घाट हाय का?'

'तिकडच्या घाटात आपण जाणारच नाही म्हटलं ना मी.'

'तू जाणार न्हाईस. मी डोंगर बघायला चाललोय, सपाटी बघायला मला कोल्हार हाय की.'

हॉटेलवाल्यानं दुसरा चहा आपल्याला न विचारताच आणून ठेवला होता, आणि टेबल बदलून दिलं होतं.

तुझा टायरांवर एवढा जीव का, ते मला ठाऊक होतं आणि म्हणूनच मी जास्त चिडत होतो. गळीत हंगामात लोणीच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर चिखल आणला होता, वरून अवकाळीचा शिडकावा झालेला. गाडी तुझी, चालवत होतो मी, कारण मी हट्ट केला होता. समोर ट्रॉली दिसली आणि मी वर्गावर ओरडावं तसा ब्रेक मारला. गाडी फिरली आणि थेट उभ्या उसात शिरली. काचेवर पाचट, आत आपण दोघं. तू शांतपणे म्हणालास, 'मास्तर, हा वर्ग न्हाई. दरडावलं म्हणून समदं जागच्या जागी थांबत न्हाई.' त्या दिवसापासून तुला ती सवय लागली. कुणाचीही गाडी उभी दिसली की टायरच्या खाचेत अंगठा घालायचा. 'गोटा झालाय, बदल.' तेरवीच्या जेवणाला गेलो तरी तू आधी दारातल्या गाड्यांचे टायर बघायचास. त्या उसाचा दोष तू कधीच मला दिला नाहीस, टायरला दिलास. ते मला जास्त लागलं.

वाद मिटेना तेव्हा पंच शोधायला आपण शिर्डीला गेलो. ही कल्पना माझी होती, कबूल. शिर्डीत सगळ्या देशाच्या गाड्या येतात, तेव्हा बर्फातली गाडी हुडकायची आणि तिचे टायर बघायचे. दोन म्हातारे, एक पशुवैद्य आणि एक मास्तर, दर्शनाला न जाता वाहनतळावर गाड्यांच्या पाट्या वाचत हिंडताहेत. रखवालदारानं दोनदा हटकलं. दुसऱ्यांदा तू त्याला म्हणालास, 'चोर न्हाई आम्ही. अभ्यास चाललाय.' त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा विश्वास आणखी उडाला.

हिमाचलची एक गाडी सापडली. तू लगेच खाली बसून अंगठा घातलास. मालक प्रसादाची पिशवी घेऊन आला तेव्हा त्याच्या चाकाजवळ एक पांढऱ्या टोपीवाला उकिडवा बसलेला आणि दुसरा त्याच्याशी भांडतोय. मी त्याला माझ्या मास्तरी हिंदीत सगळा प्रश्न घातला. बर्फ में आप कौन सा टायर लगाते हैं?

तो भला माणूस म्हणाला, 'बर्फ में तो हम निकलते ही नहीं, जी.'

परतीच्या वाटेवर बाभळेश्वर येईपर्यंत दोघंही जिंकलेलो होतो. तू म्हणत होतास, बघ, एवढी भीती असते. मी म्हणत होतो, बघ, त्यांच्याकडेही नसतात. असा दिवस माझ्या वाट्याला पुन्हा यायचा नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशीही वाद घातला असता.

मग माझ्यातला शहाणा जागा झाला. ठरवलं, हरायचंय तर थाटात हरू. दिवाळीची भेट म्हणून मीच टायर मागवतो, तिकडच्याच दुकानातून, थेट मुक्ताच्या पत्त्यावर. कुणाला सांगायचं नाही. डॉक्टरचं तोंड बंद होईल, आणि बर्फ पडला नाहीच तर उरलेलं आयुष्य मला बोलायला विषय मिळेल. मनात हेच होतं, प्रेमबिम दुसऱ्या नंबरला. तू गोठ्यात असताना तुझ्या गाडीशी गुडघे टेकून टायरच्या कडेवरचे आकडे उतरवून घेतले. मुक्ताला विचारलं असतं तर एका फोनचं काम होतं. पण विचारलं की श्रेय वाटून जातं.

तिचा फोन आला तेव्हा आपण दोघंही तुझ्या ओट्यावर होतो. तू फोनचा आवाज मोठा केलास.

'काका, टायर आले. छान आहेत. पण गाडीला बसत नाहीत. आपल्याकडच्या गाडीची चाकं लहान असतात.' आणि मग हसू दाबत, 'गॅरेजवाला विचारत होता, हे कुठल्या गाडीचे. मी म्हटलं, आहे एक, भारतात. आता इथं सगळ्यांचीच टायर बदलायची घाई असते, कुठल्याच गॅरेजात जागा नाही. बघते मी.'

मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिलो. वाट बघत होतो, आता सुटेल तोंड. वर्षभर पुरेल एवढा दारूगोळा मी तुझ्या हातात दिला होता. भूगोलाच्या मास्तरला दोन देशांतला फरक कळला नाही, हे वाक्य तर मीच तुझ्यासाठी मनात जुळवून ठेवलं होतं. तू फोन खाली ठेवलास आणि म्हणालास, 'असू दे मास्तर. होतं असं.'

मी म्हटलं, रेल्वेनं जाऊ. 'रेल्वेनंच हिंडायचं तर मनमाड काय वाईट हाय,' एवढंच बोललास, तेही सवयीनं. मग उठून चांदीला पेंड घालायला गेलास. आता उन्हाळ्यात बघू, तेव्हा टायरांचा प्रश्नच येत नाही, असं ठरल्यासारखं झालं आणि सहल मोडली.

आणि आपलं भांडण थांबलं. दूध येत होतं, वाद येत नव्हता. तू किटली ठेवायचास, दोन मिनिटं बसायचास, हवापाण्याचं बोलायचास आणि जायचास. मी मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलून बघायचो. मुळा प्रवरेपेक्षा लांब आहे, म्हणायचो. तू 'असंल' म्हणायचास. 'असंल'! तुझ्याकडून ही शिवी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. मला वाटलं, तू मनातून फार दुखावलायस. लेकीचं घर बघायचं राहिलं ते माझ्यामुळे. मी गप्प राहून शिक्षा भोगत होतो, आणि तुला मी किती समजूतदार झालोय हे दिसत असेल, असंही मानत होतो. मध्ये तू दोनदा पुण्याला दात दाखवायला गेलास. मी विचारलं, नगरला दाताचे डॉक्टर मेले काय? तू हसलास फक्त. दात मात्र सगळे जागेवर दिसले.

चांदी आटल्यापासून तू शेजारच्या गोठ्यातलं दूध आणायचास, त्या सकाळी तेही आलं नाही. मी ओट्यावर वाट बघत बसलो होतो आणि तुझा पुतण्या पळत आला. गोठा नुकताच धुतलेला, चांदीचे दिवस भरत आलेले, तू तिच्या पाठीवरून हात फिरवायला वळलास आणि पाय सरकला. गव्हाणीच्या दगडावर डोकं. मी पोचलो तेव्हा तुला गाडीत घालत होते. मी गोठ्यातच राहिलो, मला पुढे जाववेना. तुझी एक चप्पल तिथं उलटी पडली होती. तळ पार गोटा झालेला. एक रेघ शिल्लक नाही.

सगळ्या तालुक्याच्या टायरात अंगठा घालत फिरलास तू. हजारो मैलांवरच्या घाटातल्या बर्फाची काळजी केलीस, न पडलेल्या बर्फाची. आणि स्वतःच्या पायात काय होतं रे? लोक म्हणताहेत, त्याची वेळ आली होती. मी असल्या बोलण्यानं समजूत घालून घेणार नाही. ती चप्पल मी रोज बघत होतो. ओट्यावर माझ्यासमोर तू ती काढायचास. एरवी मी तोंडावर बोललो असतो, 'डॉक्टर, ही चप्पल गोटा झालीय, बदल.' तू चार शिव्या देऊन दुसऱ्या दिवशी गुपचूप नवी आणली असतीस. पण दिवाळीपासून आपण भांडत नव्हतो ना. समजूतदार झालो होतो.

दहाव्याला प्रवरेच्या काठी सगळं गाव होतं. मुक्ता आली होती, तिच्या डोळ्यांखाली दोन देशांचं जागरण. पिंड मांडले आणि कावळा शिवेना. बाभळीवर चार-पाच बसले होते, बघत होते, खाली येत नव्हते. माझा या गोष्टीवर विश्वास नाही, तुझाही नव्हता. यावर आपण पुष्कळ भांडलोय, एकाच बाजूनं. पण ऊन चढायला लागलं आणि गर्दी कावळ्यांकडून माणसांकडे बघायला लागली, की कुणाची इच्छा राहिलीय ते बोला. तुझ्या भावानं हात जोडून सांगितलं, भाऊबंदकी होऊ देणार नाही. कावळा हलला नाही. पुतण्या म्हणाला, व्यसन सोडतो. त्याला व्यसन आहे हे आम्हाला तिथंच कळलं. कावळा हलला नाही.

मग सुमनवहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'भावजी, तुमचं काही राहिलंय का बघा. दोघं सारखे कशावरून तरी कचाकचा भांडत हुता.'

काय राहिलंय ते मला माहीत होतं. गावासमोर ते बोलायचं म्हणजे जिवावर आलं. पण तुझ्यासाठी पुढे झालो, डॉक्टर. धोतर सावरलं, हात जोडले आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणालो, 'डॉक्टर, टायर लागतात. तुझं बरोबर होतं. थंडीचे टायर लावायलाच पाहिजे होते. मी चुकलो.'

उभ्या आयुष्यात मी तुला दिलेली ही पहिली हार. कावळ्यानं मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि चोचीनं पंख खाजवायला लागला. मागून कुणीतरी विचारलं, 'कसलं टायर म्हणतंय मास्तर?'

तेवढ्यात वहिनी दोन पावलं पुढे आल्या. 'अहो, चांदीला मी इकत न्हाई. तिचं वासरूबी घरातच वाढंल. जावा आता निवांत.'

बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर.

म्हणजे बघ. एवढी वर्षं भांडलो, गावासमोर नाक घासलं, आणि तुझा जीव अडकला होता गाईत. मी हसलो. स्मशानाच्या काठावर हसलो म्हणून दोघं-तिघं माझ्याकडे वाईट बघून गेले. मग बराच वेळ डोळे पुसत राहिलो, तेव्हा ते परत आले आणि पाठीवर हात ठेवून गेले. त्यांना आधीचंच खरं वाटायला हवं होतं.

गाड्यांकडे परत येताना मुक्ता माझ्याबरोबर चालत होती. मला काहीतरी बोलायचं होतं, म्हणून म्हटलं, 'ते टायर तळघरात पडून असतील ना? तुला अडचण होत असेल.'

ती थांबली. 'ते मी तेव्हाच परत पाठवले, काका. पंधरा दिवसांत जागा मिळाली, बरोबर मापाचे बसवून घेतले. बाबांना फोटोही पाठवला होता. त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला?'

'नाही. मग तो आला का नाही?'

'येणार होते. चांदी व्याली की येणार होते. तिकीट काढलं होतं.' नदीकडे बघत ती म्हणाली, 'एकट्याचं.'

मला ते पुण्याचे दात आठवले. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, 'व्हिसाला जात होते पुण्याला.'

म्हणजे रोज सकाळी माझ्या ओट्यावर बसून, माझ्या हातचा चहा पिऊन, तू 'असंल' म्हणत होतास, आणि खिशात तिकीट. मी शिक्षा भोगत होतो आणि तू सुट्टीवर होतास. रागानं माझे कान तापले. मेलेल्या माणसावर एवढं रागावता येतं, हे मला माहीत नव्हतं. लहान पोरासारखा मी तिला विचारून बसलो, 'मला का नाही नेणार होता?'

मुक्ता तुझीच लेक. तिनं काही गोड करून सांगितलं नाही.

'बाबा म्हणाले, मास्तर बरोबर असला की भांडत नुसता रस्ताच बघावा लागतो. मला तुझं घर बघायचंय.'